जात्यावरची ओवी आणि कापसाच्या रानांतील ब्लूज

परभणी जिल्ह्यांत, गोदावरीच्या कांठीं, गंगाखेड नांवाचें गांव आहे. संत जनाबाईचें हें जन्मस्थान. दमा आणि करुंड या शूद्र गणल्या गेलेल्या मातापित्यांच्या पोटीं ती जन्मास आली आणि बालवयांतच पंढरपुरास दामाशेटी शिंप्याच्या घरीं दासी म्हणून राहिली, असें परंपरा सांगते. दामाशेटीचा मुलगा नामदेव पुढें संतपदास पोंचला; आणि त्याच्या घरचें दळण-कांडण, झाडलोट, पाणी भरणें, शेण्या वेंचणें हीं कामें करतां करतां जनीहि त्याच पदास पोंचली. तिच्या नांवावर तीनशेंहून अधिक अभंग आहेत. या थोर कवयित्रीची काव्यरचनेची बैठक कोणती, असें कोणीं विचारलें तर एकच उत्तर द्यावें लागेल : जातें.

ज्यांच्यापाशीं जमीन नाहीं, ग्रंथ नाहीं आणि स्वतःचा म्हणावा असा दिवसाचा एक प्रहरहि नाहीं, अशा माणसांनीं श्रमाच्या चालीवर गाणें रचावें, आणि तें गाणें पंडितांच्या काव्याइतकेंच टिकावें, हा चमत्कार केवळ आपल्याकडेच घडला असें नाहीं. अमेरिकेंतील संयुक्त संस्थानांच्या दक्षिण भागांत, कापसाच्या रानांत राबणाऱ्या कृष्णवर्णीय लोकांनीं असेंच एक गाणें जन्मास घातलें. त्याला 'ब्लूज' म्हणतात. आज या दोन गाण्यांचा एकत्र विचार करावा असें मनांत आहे. त्यांच्या सुरांत फारसें साम्य नाहीं. जें साम्य आहे तें त्यांच्या सामाजिक मुळांत आहे. मुळें सारखीं असूनहि दोघांचें दैव मात्र फार निराळें ठरलें. तें तसें कां ठरलें, हा प्रश्न आपल्या जिव्हाळ्याचा आहे.

प्रथम अमेरिकेची हकीकत सांगतों. मिसिसिपी ही त्या देशांतील महानदी. मिसिसिपी नांवाच्याच संस्थानांत तिच्या कांठीं गाळाच्या काळ्याभोर जमिनीचा एक विस्तीर्ण पट्टा आहे. हें सारें कापसाचें रान. आफ्रिकेंतून धरून आणलेल्या माणसांच्या वंशजांकडून दक्षिणेंतील मळ्यांवर गुलाम म्हणून काम करून घेतलें जाई. तेथील यादवी युद्धानंतर, १८६५ सालीं, राज्यघटनेंत दुरुस्ती होऊन गुलामगिरी कायद्यानें नष्ट झाली. माणूस मोकळा झाला. परंतु जमीन होती त्याच मालकाकडे राहिली. मोकळ्या झालेल्या माणसाला पोटासाठीं त्याच मालकाच्या रानांत वांट्यानें शेती करणें प्राप्त झालें. बियाणें मालकाचें, खेंचर मालकाचें, वर्षभराचें वाणसामान मालकाच्याच दुकानांतून उधारीवर. आणि सुगीनंतर हिशेब व्हावयाचा तोहि मालकाच्याच वहींत. वही वाचतां न येणाऱ्याला ती सांगे कीं कापूस गेला, पण कर्ज राहिलें. सावकाराच्या वहीचा अनुभव ज्या मुलखानें पिढ्यान् पिढ्या घेतला, त्या आपल्या मराठवाड्याला ही व्यवस्था निराळी समजावून सांगण्याची गरज नाहीं.

याच काळांत दक्षिणेंतील संस्थानांनीं वर्णभेदाचे कायदे केले. रेल्वेचा डबा वेगळा, शाळा वेगळी, पाण्याचा नळ वेगळा. १८९६ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानेंहि या वेगळेपणास मान्यता दिली. मताचा हक्क नाना युक्त्यांनीं काढून घेतला गेला आणि किरकोळ आळावरून माणसास झाडाला टांगून मारण्याचे प्रकार उघड होऊं लागले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, आशेची पहांट दिसून पुन्हां अंधार पडल्यासारख्या या दिवसांत, ब्लूजचा जन्म झाला.

तें गाणें आकाशांतून पडलें नाहीं. त्याच्या आधीं रानांत एकमेकांस घातलेल्या लांब सुरांच्या हांका होत्या. एकानें म्हणावें व इतरांनीं कुदळीच्या घावाबरोबर झेलावें अशीं टोळीचीं कामगाणीं होतीं. आणि देवळांतील सामुदायिक भक्तिगीतें होतीं. या सर्वांचें रक्त ब्लूजमध्यें आहे. परंतु ब्लूज हें टोळीचें गाणें नव्हे. तें एकट्या माणसाचें गाणें आहे. 'आम्ही' म्हणणारा समूह मागें राहतो आणि 'मी' बोलूं लागतो. त्याची घडणहि साधी. तीन ओळींचें एक कडवें. पहिली ओळ म्हणावयाची, तीच दुसऱ्यांदा म्हणावयाची, आणि तिसऱ्या ओळींत त्या दोहोंस उत्तर द्यावयाचें. पहिली ओळ दुसऱ्यांदा म्हणतांना गाणाऱ्याला पुढची ओळ मनांत जुळवावयास अवधि मिळतो. ओळ संपली कीं गिटार तिला प्रतिसाद देते. जणुं एकट्या माणसाला दुसरा कोणी हुंकार देणारा मिळाला. कांहीं स्वर आपल्या नेमक्या जागेवरून किंचित् खालीं उतरवून गाण्याची त्यांत रीत आहे, आणि त्या उतरत्या स्वरांतच त्या गाण्याचा जीव आहे. 'ब्लू' या शब्दाचा अर्थ निळा. पण इंग्रजींत तो शब्द उदासीनतेसहि लावतात. त्यावरून हें नांव पडलें.

डब्ल्यू. सी. हॅन्डी नांवाचा एक सुशिक्षित कृष्णवर्णीय वाद्यवृंद-संचालक होऊन गेला. सुमारें १९०३ सालीं मिसिसिपींतील टटवायलर या लहानशा स्टेशनावर तो गाडीची वाट पाहत बसला असतां, शेजारीं फाटक्या कपड्यांतील एक माणूस गिटारच्या तारांवर सुरीचें पातें दाबून अपूर्व असें कांहीं गात होता, ही आठवण त्यानें आपल्या आत्मचरित्रांत लिहून ठेविली आहे. त्या माणसाचें नांव कोणासहि ठाऊक नाहीं. हॅन्डीचें नांव मात्र जगास ठाऊक झालें, कारण त्यानें या धर्तीचें संगीत कागदावर उतरविलें. १९१२ सालीं त्याचें 'मेम्फिस ब्लूज' छापून प्रसिद्ध झालें. पुढें १९२० सालीं मेमी स्मिथ या गायिकेची 'क्रेझी ब्लूज' ही तबकडी न्यूयॉर्क येथें निघाली आणि तिचा खप पाहून कंपन्यांचे डोळे उघडले. १९२३ पासून बेसी स्मिथच्या तबकड्या घरोघर गेल्या. आरंभीं हें गाणें तबकडीवर आणलें तें स्त्रियांनीं, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. कंपन्यांनीं गाणाऱ्यांना बहुधा एकरकमी थोडे पैसे देऊन पुढचा नफा आपल्याकडे ठेविला, हेंहि खरें. परंतु गाणाऱ्याचें नांव तबकडीच्या कागदावर छापलें गेलें. या एका गोष्टीचें महत्त्व पुढें आपणांस दिसेल.

ब्लूज म्हणजे केवळ रडगाणें, अशी समजूत करून घेणें चुकीचें होईल. त्यांत सोडून गेलेलें माणूस आहे, तुरुंग आहे, रेल्वेगाडी आहे, दारिद्र्य आहे. पण त्याबरोबर थट्टा आहे, शृंगार आहे, आणि मालकाला न कळेल असा दुहेरी अर्थहि आहे. १९२७ सालीं मिसिसिपीला महापूर आला. त्या पुरावर चार्ली पॅटन यानें १९२९ सालीं ध्वनिमुद्रित केलेलें गाणें आजहि ऐकावयास मिळतें. सरकारी अहवालांत किती एकर जमीन बुडाली तें लिहिलेलें असतें. बुडणाऱ्याला पुढच्या गांवीं उंच जागा मिळाली कीं नाहीं, तें गाण्यांतून कळतें.

आतां, हा दूरचा इतिहास परभणीकरांस सांगण्याचें प्रयोजन काय? तर तो वाटतो तितका दूरचा नाहीं. १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंत यादवी युद्ध चाललें असतां तेथील कापूस इंग्लंडच्या गिरण्यांस मिळेनासा झाला आणि मुंबईच्या बाजारांत कापसाचे भाव चढले. वऱ्हाड-खानदेशाच्या काळ्या जमिनींत पिकलेल्या कापसाला तेव्हां सोन्याचें मोल आलें; आणि युद्ध संपतांच तें ओसरलें. त्यानंतर आठच वर्षांनीं, १८७३ सालीं, पुण्यांत महात्मा जोतीराव फुले यांनीं 'गुलामगिरी' हा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि तो अमेरिकेंतील गुलामांस मुक्त करण्यासाठीं झटणाऱ्या सत्पुरुषांस अर्पण केला. आपल्या शूद्रातिशूद्रांच्या दास्याचें आणि तिकडील दास्याचें नातें त्यांनीं तेव्हांच ओळखलें होतें. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ पर्यंत न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत शिकत होते. पुढें १९४६ सालीं त्यांनीं कृष्णवर्णीयांचे थोर विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉईस यांस पत्र लिहून दोन्ही समाजांच्या स्थितींतील साम्याचा उल्लेख केला. तेव्हां दोन गाण्यांची जी तुलना मी करीत आहें, तिचा मार्ग या थोरांनीं पूर्वींच आंखून ठेविला आहे.

परभणी जिल्ह्याची जमीनहि काळी आणि कपाशीची. गोदावरी, पूर्णा आणि दुधना या नद्यांच्या आसपासची ही भूमि ज्वारी आणि कापूस पिकविणारी. १९०० च्या सुमारास मनमाडहून हैदराबादकडे जाणारी रेल्वे या भागांतून निघाली, आणि सेलू-मानवतच्या बाजारांतला कापूस दूरदूरच्या गिरण्यांकडे जाऊं लागला. मात्र १९४८ सालच्या सप्टेंबर महिन्यापर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यांत होता. वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू, मराठी शाळा तुरळक, आणि मुलींच्या शिक्षणाची तर वार्ताच नको. वेठ, सावकारी आणि जातीची उतरंड यांखालीं दबलेल्या या समाजांत अगदीं तळाशीं कोण होतें, तर स्त्री. तिच्या हातीं लेखणी नव्हती. तिच्या हातीं होता जात्याचा खुंटा.

ज्वारीची भाकर हें येथील अन्न, आणि ज्वारीचें पीठ फार दिवस टिकत नाहीं. म्हणून दळण हें नित्याचें काम. कोंबडा आरवण्यापूर्वीं उठावें, अंधारांतच जातें झाडून घ्यावें, मुठीमुठीनें दाणे घालावे आणि खुंटा धरून वरची तळी फिरवावी. दोघी जावा किंवा नणंद-भावजय समोरासमोर बसल्या तर तेवढाच भार हलका. एकटी असली तर तिला सोबत जात्याचीच. या घरघरीवर जी म्हणावयाची ती ओवी. दोन लांब ओळी, प्रत्येक ओळीचे मध्यें थोडा विसावा घेऊन दोन भाग, शेवटीं यमक. आणि तोल सांभाळण्यासाठीं मधूनमधून 'बाई', 'ग', 'माझ्या' असे शब्द. सुरांचा पल्ला चार-पांच स्वरांहून अधिक नाहीं, कारण खुंट्यावर सारें बळ खर्ची पडत असतां याहून उंच जावयास दम उरणार कोठून? एक ओळ म्हणावी, ती पुन्हां घोळावी, आणि जात्याच्या दोन फेऱ्यांत पुढची ओळ जुळवावी. मघाशीं ब्लूजच्या घडणीचें जें वर्णन केलें, तें येथें सहज आठवेल. दोन्हीकडे पुनरुक्ति हा कवित्वाचा दोष नव्हे. ती काम करणाऱ्या शरीराची गरज आहे.

ही ओवी किती जुनी? बाराव्या शतकांत चालुक्य राजा सोमेश्वर यानें रचविलेल्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथांत, महाराष्ट्रांतील स्त्रिया कांडण करतांना ओवी गातात, असा उल्लेख आहे. म्हणजे १२९० सालीं ज्ञानेश्वरांनीं गीतेवर जी टीका सांगितली, तिच्या छंदाचें नांव त्यापूर्वीं कितीतरी वर्षें मुसळाच्या घावाखालीं गाजत होतें. आपण शाळेंत शिकतों कीं ओवी हा ग्रंथांचा छंद आहे. खरें पाहतां ग्रंथाच्या आधीं त्या नांवाला उखळाचा आणि जात्याचा आश्रय होता.

त्या ओव्यांत असतें काय? माहेर असतें, आणि माहेराहून न आलेला भाऊ असतो. पाऊस असतो, आणि न पडलेला पाऊसहि असतो. लेकीची पाठवणी, सवतीचा जाच, मेलेलें मूल, पंढरीची वाट, रामाबरोबर वनांत गेलेली आणि पुन्हां एकटीच वनांत धाडलेली सीता. आणि सासू असते. येथेंच एक मार्मिक गोष्ट पाहावयास मिळते. जी सून दिवसा सासूसमोर मान वर करीत नाहीं, ती पहाटे त्याच घरांत, त्याच सासूच्या कानांवर पडेल अशा आवाजांत, आपलें गाऱ्हाणें म्हणूं शकते. बोलणें गुन्हा ठरतें, पण गाणें गुन्हा ठरत नाहीं. जात्यावर म्हटलेल्या शब्दाचा जाब विचारावयाचा नाहीं, अशी एक न लिहिलेली सवलत समाजानें या गाण्याला देऊन ठेविली होती. कापसाच्या रानांतील मजुरालाहि हीच सवलत होती. मुकादमासमोर उलट उत्तर दिलें तर पाठीवर फटके. पण तेंच गाण्यांत आलें तर मुकादम म्हणे, गाऊं द्या, काम लवकर होतें. या सवलतीचा अर्थ आपण नीट ओळखावा. ती कांहीं उदारता नव्हती. ज्याचें म्हणणें ऐकून घ्यावयाचें नाहीं, त्याला गाऊं देण्यांत धन्याचें कांहीं जात नव्हतें. परंतु गाणाऱ्याला तेवढ्या फटीतून आपलें मनुष्यत्व शाबूत ठेवतां आलें. त्याचें गाऱ्हाणें कोणीं दूर केलें नाहीं. पण तें शब्दांत आलें, आणि त्यामुळें दुःख सोसणाऱ्या माणसाला निदान आपण त्या दुःखाहून निराळे आहोंत एवढें तरी कळलें.

एक भेद मात्र विलक्षण आहे. अमेरिकेंत ब्लूज गाणाऱ्यास तेथील धर्मनिष्ठ लोकांनीं आपलें म्हटलें नाहीं. रविवारीं देवळांत जें गावयाचें तें देवाचें. शनिवारच्या रात्रीं गुत्त्यांत जें गावयाचें तें सैतानाचें, अशी वांटणी झाली. आपल्याकडे तशी भिंत जात्यापाशीं उभी राहिली नाहीं. एकाच बैठकींत ती बाई विठ्ठलाला हांक मारते, सासूला बोल लावते आणि भावाची वाट पाहते. जनाबाईनें तर याच्याहि पुढची मजल मारली. तिचा देव गाभारा सोडून तिच्याजवळ येतो, खुंट्याला हात लावतो, शेण्या वेंचूं लागतो. दासीच्या कामाला देवाचा हात लागला, म्हणजे तें काम हलकें राहिलें नाहीं. आणि ती दासीहि हलकी राहिली नाहीं. पंढरपुराजवळ गोपाळपुरास जनीचें म्हणून जातें दाखवितात. वारकरी त्याला श्रद्धेनें हात लावून नमस्कार करतात. स्वयंपाकघरांतल्या दगडाला देवत्व देणारी ही दृष्टि जनीची देणगी आहे.

पण या गोडव्यांत रमून एक कटु गोष्ट झांकतां कामा नये. ज्या विठ्ठलाला जात्यावर बसवितां येत होतें, त्याच्या मंदिरांत अस्पृश्य गणलेल्या स्त्रीला पाऊल टाकतां येत नव्हतें. स्त्रियांच्या ओव्या प्रेमानें गोळा करून 'स्त्रीजीवन' हा ग्रंथ सिद्ध करणारे साने गुरुजी हेच १९४७ सालच्या मे महिन्यांत त्या मंदिराचें दार हरिजनांस उघडावें म्हणून पंढरपुरास उपोषणास बसले, हा केवळ योगायोग नव्हे. ज्यानें ओवी कान देऊन ऐकली, त्याला बंद दार दिसल्यावांचून राहिलें नाहीं. पुढें त्या वस्त्यांतील स्त्रियांनीं जात्यावर नवा देव बसविला. परभणीस लागून असलेल्या बीड जिल्ह्यांत, माजलगांव भागांत, १९९६ सालीं ज्या ओव्या ध्वनिमुद्रित झाल्या, त्यांत डॉ. आंबेडकर हे कधीं बंधु, कधीं पिता, कधीं सोन्याच्या मोलाचा पाहुणा होऊन येतात. छंद तोच, घरघर तीच. पण गाऱ्हाण्याच्या जागीं अभिमान आला. ओवी ही जुन्यालाच कवटाळून बसणारी गोष्ट आहे, असें म्हणणाऱ्यांस हें चोख उत्तर आहे.

आतां या दोन गाण्यांच्या दैवाकडे वळूं. दोघांवरहि यंत्राची पाळी आली. १९४४ सालीं मिसिसिपींत, क्लार्क्सडेल गांवाजवळच्या हॉप्सन मळ्यावर, कापूस वेंचणारीं यंत्रें लोकांना जाहीरपणें चालवून दाखविण्यांत आलीं. माणसांच्या टोळीचें काम एक यंत्र करूं लागलें. पण तत्पूर्वींच कृष्णवर्णीय मजूर उत्तरेच्या कारखान्यांकडे निघाले होते. १९१० ते १९७० या साठ वर्षांत सुमारें साठ लाख माणसें दक्षिण सोडून गेलीं. स्टोव्हॉल मळ्यावर राबणाऱ्या मडी वॉटर्स नांवाच्या तरुणाचें गाणें १९४१ सालीं संशोधकांनीं त्याच्या झोंपडींत येऊन ध्वनिमुद्रित केलें. तबकडीवर आपला आवाज ऐकून त्याला स्वतःच्या मोलाची खात्री पटली. १९४३ सालीं तो शिकागोस गेला, शहराच्या गोंगाटांत ऐकूं जावें म्हणून त्यानें विजेची गिटार हातीं घेतली, आणि ब्लूजला नवें आयुष्य मिळालें. इंग्लंडमधील तरुणांच्या एका वाद्यवृंदानें १९६२ सालीं त्याच्याच एका गाण्यावरून 'रोलिंग स्टोन्स' हें नांव घेतलें. रान सुटलें, पण गाणें सुटलें नाहीं. तें माणसाबरोबर आगगाडींत बसून गेलें.

आपल्याकडे यंत्र आलें तें पिठाच्या गिरणीच्या रूपानें. प्रथम तेलावर चालणारी, मग विजेची. ती गांवोगांव पोंचली आणि जातें कोपऱ्यांत गेलें. ज्या वेळीं गावयाचें ती पहांट मोकळी झाली, आणि मोकळ्या पहाटेबरोबर गाणेंहि गेलें. याबद्दल हळहळणारे पुष्कळ भेटतात. परंतु जे हळहळतात त्यांनीं बहुधा जातें कधीं ओढलेलें नसतें. दळणानें स्त्रियांच्या हातांना घट्टे पडत, खांदे आणि कंबर भरून येत. गरोदर बाईलाहि त्यांतून सुटका नसे. गिरणीचें स्वागत सर्वांत आनंदानें कोणीं केलें असेल तर त्या स्त्रियांनीं. त्यांच्या कष्टांतून गोड गाणें निघे म्हणून ते कष्ट चालू राहावयास हवे होते, असें म्हणणें म्हणजे गुलामगिरीनें ब्लूज दिला म्हणून गुलामगिरीचे आभार मानण्यासारखें आहे. जातें गेलें त्याचें दुःख नको. त्यावरचें गाणें कां गेलें, एवढाच प्रश्न विचारावा.

तें गेलें, याचें कारण माझ्या मतें असें. ब्लूज गाणाऱ्या माणसाला वाट होती, आणि त्याच्या गाण्याला बाजार होता. तो घर सोडून जाऊं शकला. त्याचें नांव तबकडीवर छापलें गेलें. त्याच्या गाण्याला, थोडें कां होईना, मोल मिळालें. आपली ओवी गाणारी स्त्री उंबऱ्याच्या आंत राहिली. तिची ओवी सर्वांची होती, म्हणून ती कोणाचीच ठरली नाहीं. तिच्या गाण्याला श्रोता नव्हता. जे ऐकत तेहि न ऐकल्यासारखें करीत. आणि ती स्वतःहि त्याला गाणें म्हणत नव्हती. दळतांना म्हणावयाचें तें, एवढीच तिची समजूत. पुढें तीहि घराबाहेर पडली, नाहीं असें नाहीं. बीड-परभणीकडील कित्येक कुटुंबें दरसाल ऊसतोडीसाठीं पश्चिम महाराष्ट्रांत जातात. बाई नवऱ्याच्या बरोबरीनें कोयता चालविते. पण त्या वाटेवर तिच्याबरोबर तिच्या ओवीला जावयास जागा कोठें आहे? पहाटे उठून तिला फडांत जावयाचें असतें, आणि तेथें तिचा आवाज ऐकण्यास थांबलेला कोणीहि नसतो.

सुदैवानें कांहीं लोक वेळीं थांबले. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वँ या दोन अभ्यासकांनीं पुण्यास राहून, १९८० नंतरच्या दशकांत, खेड्यांतील स्त्रियांच्याच साह्यानें ओव्या गोळा करण्याचें काम आरंभिलें. महाराष्ट्रांतील हजारांहून अधिक खेड्यांतून एक लाख दहा हजारांच्या आसपास ओव्या जमा झाल्या. त्यांतील पुष्कळ ओव्यांचें ध्वनिमुद्रणहि झालें. आणि २०१७ पासून 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया' या संस्थेनें त्या सर्वांस ऐकावयास व वाचावयास खुल्या केल्या आहेत. या संग्रहाचा मला सर्वांत मोठा विशेष वाटतो तो असा कीं, तेथें ओवीबरोबर ती म्हणणाऱ्या स्त्रीचें नांव आणि गांव नोंदलेलें आहे. टटवायलरच्या स्टेशनावरचा तो गाणारा अनामिक राहिला. जात्यावरच्या असंख्य गाणाऱ्याहि अनामिक राहिल्या. ज्यांचें नांव सातबाऱ्यावर नाहीं, त्यांचें नांव निदान त्यांच्या शब्दावर तरी असावें, हा न्याय फार उशिरां का होईना, कांहीं जणींस मिळाला.

श्रोतेहो, ओवीचें आपण काय करावें? समारंभांत नऊवारी नेसून, न फिरणाऱ्या जात्यापाशीं बसून चार ओव्या म्हटल्यानें तिचें रक्षण होणार नाहीं. ब्लूज जगला तो शोभेची वस्तु म्हणून नव्हे. त्या माणसांनीं आपल्या नव्या दुःखासाठीं जुनी चाल वापरली, आणि जगानें ती मान देऊन ऐकली, म्हणून तो जगला. जातें नसलें तरी दोन ओळींची ती घडण आपल्यापाशीं आहे. १९७२ चा दुष्काळ आणि त्यांतील खडी फोडण्याचीं कामें पाहिलेल्या, करपलेली कपाशी आणि फडावरची रात्र अनुभवलेल्या स्त्रिया आपल्या जिल्ह्यांत आहेत. त्यांच्यापाशीं सांगण्यासारखें नाहीं असें नव्हे. त्यांना विचारणारें कोणी नाहीं.

म्हणून माझी विनंति फार लहान आहे. ज्यांच्या घरीं साठी-सत्तरी उलटलेली आजी, आत्या किंवा मावशी आहे, त्यांनीं तिला जात्यावर काय म्हणत होतीस, एवढें विचारावें. ती आधीं हंसेल, आतां आठवत नाहीं म्हणेल. तिला घाई करूं नये. हात मोकळे असतील तर ओवी लवकर आठवत नाहीं. तिला कांहीं निवडावयास किंवा पाखडावयास द्यावें, म्हणजे हाताबरोबर जीभहि चालूं लागते. जें आठवेल तें तिच्याच बोलींत, शुद्ध करण्याच्या भानगडींत न पडतां, उतरून घ्यावें, आणि त्याखालीं तिचें नांव लिहावें. गंगाखेडच्या एका दासीनें आपल्या अभंगांत स्वतःचें नांव घालण्याचा आग्रह धरला, म्हणून सातशें वर्षांनंतरहि आपण तिला ओळखतों. तेवढा मान आपल्या घरांतल्या जनीला देणें आपल्या हातचें आहे.